हमीद डॉक्टरांचं सॅलिसिलेट

दुखणं घेऊन आलेला माणूस बरा होऊन जातो की नाही हे नशीब, पण किस्सा मात्र ठेवून जातो! हिंगोलीच्या हमीद डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. औषधं मोजकीच. ताप, डोकेदुखी, सांधेदुखी, सगळ्यांवर सॅलिसिलेट! कधी अ‍ॅस्पिरिनची गोळी, कधी मिक्श्चर, कधी चोळायचं तेल.

निजामी राज्याची ती शेवटची वर्षं. पैनगंगेपलीकडच्या कॅम्पात राहून निजामाविरुद्ध लढणारी पोरं आमच्याकडून औषध नेतात, असा पोलीस जमादाराला संशय. पुरावा मिळाला की दवाखान्याला कुलूप आणि डॉक्टर जेलात! संशय खरा होता, हे आज छातीठोकपणे सांगतो.

*

जवळा बाजारचा एक गाडीवान डोकं धरून आला. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनच्या दोन गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी हा कपाळावर पांढरा लेप थापून हजर! गोळ्या सुंठीसारख्या उगाळल्या होत्या.

"अरे, गिळायच्या होत्या!" मी ओरडलो.

"दुखून राहिलं डोकं, अन् दवा पोटाला काहून देऊ?" तो माझ्यावरच उखडला. "पोटानं काय केलं?"

आणि डोकं दुखायचं थांबलं होतं, बरं का!

*

एका देवळाचे पुजारी सांधेदुखीनं वाकले होते. मिक्श्चर पुढं केलं तर म्हणाले, "तुमच्या हातचं पाणी आमी पीत न्हाई."

"बराबर," म्हणत डॉक्टरांनी कोरडी पुडी दिली. "घरच्या पाण्यात घ्या. पण तांब्याभर पाहिजे."

पुजारीबुवांनी ती पळीभर तीर्थाबरोबर घेतली! पोटात नुसता जाळ. संध्याकाळी स्वतःच दारात उभे. "डागदरसाब, द्या तुमच्या पाण्यातलं. देवाला काय सांगायचं ते मी सांगतो!"

*

ही जरा आधीची, महायुद्धाच्या टंचाईतली गोष्ट. गोळ्या मिळेनात. जमादार आला आणि गुरगुरला, "गोळ्या पहिले सरकारी माणसाला! वरून हुकूम हाय."

"मंजूर! पण पहिले ताप बघू." डॉक्टरांनी थर्मामीटर त्याच्या जिभेखाली सारलं. "बोलायचं न्हाई. फुटलं तर पारा पोटात जाईल!"

जमादार गप्प. तेवढ्यात डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या गोळ्या तापानं फणफणलेल्यांना वाटून टाकल्या. मग थर्मामीटर काढून पाहिलं. "मुबारक हो जमादारसाब, एकदम तंदुरुस्त!"

तेव्हापासून त्याचा आमच्यावर दात होता.

*

चोळायच्या तेलाचा वास उग्र. धुतला तरी जात नसे. पलीकडून चालत आलेल्या पोरांच्या पायांना तेच तेल. जमादार बाजारात माणसं हुंगत फिरायला लागला!

"हुंगू दे," डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात येईल त्याला, दात दुखो की कान, आधी गुडघ्यांना तेल! पुढच्या बाजाराला कुरुंद्यापासून वारंग्यापर्यंतची माणसं एकाच वासाची. वैतागलेला जमादार शेवटी आपल्याच हवालदाराजवळ जाऊन थबकला.

"माझाबी गुडघा दुखून राहिला, साब," हवालदार म्हणाला.

*

आणि गयाबाई! कुरुंद्याची म्हातारी, एकुलता एक पोरगा कॅम्पात. गुडघ्यांसाठी पहिल्यांदाच आली होती. सॅलिसिलेट जास्त झालं तर कानात घंटा वाजतात, ऐकू येईनासं होतं. मिक्श्चरची बाटली देताना डॉक्टरांनी तिला तेवढं बजावलं. ती बाटली पिशवीत ठेवते न ठेवते तोच जमादार आत आला.

"म्हातारे, पोरगं कुठं हाय?"

गयाबाईनं कानावर हात ठेवले. "दवाईनं कानात घंटा वाजून राहिल्यात बाबा. काई ऐकू येत न्हाई."

जमादार ओरडला. टेबलावर काठी आपटली. "सापडला तर गोळी घालीन त्याला!" म्हणाला. गयाबाईची पापणीही हलली नाही.

"डागदर, हे खरं हाय का?"

हमीद डॉक्टर खोटं बोलत नसत. "सॅलिसिलेटनं ऐकू येत न्हाई, जमादारसाब. डाक्टरीच्या पुस्तकात हाय."

जमादार शिव्या देत निघून गेला. तो कोपऱ्यावरून वळला. मग डॉक्टर अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "बाई, बाटलीचं बूच तर अजून निघालंच न्हाई."

गयाबाईनं पिशवी काखेला मारली.

"काय म्हणले, डागदरसाब? जरा मोठ्यानं बोला!"