सिंदीचा बेकार मोर्चा, टेक पहिला

आता हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात काही हौशी लोकांनी बेकारांचे मोर्चे छोट्या कॅमेऱ्यात टिपले होते, असं मी कुठेसं वाचलं. झालं! नागपूरची नोकरी सोडून थेट सिंदीला घरी आलो. म्हटलं, त्या काळातला मोर्चा आपणही उभा करू, काळ्या-पांढऱ्यात!

बाबा म्हणाले, "एक पिक्चर काढ. नाई जमलं तं गुमान कामाले लाग."

मग बाबांनाच पुढारी केलं. धोतर, काळी टोपी! मागे पारावरची त्यांची मित्रमंडळी आणि गल्लीतले रिकामे तरुण. शेवटचा प्रसंग गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यावर: मोर्चा फाटकावर धडकतो, मालक सगळ्यांना हाकलून देतो, बघणारे रडतात. मालकाचा राग खरा दिसावा म्हणून शेठला आधी काही सांगायचंच नाही, ही अक्कल मात्र माझी एकट्याची, बरं का!

"काम द्या! काम द्या!" मंडळी अशी काही ओरडली की टपरीवरचेही दोघं चहा टाकून मोर्चात घुसले. फाटक उघडलं. मी मोबाइल शेठच्या तोंडासमोर नेला. आता हाकलणार!

"अबे, एवढे मानसं होते कुठं?" शेठला रडूच यायचं बाकी होतं. "कापसाच्या गाड्या उभ्या हायेत, दिवाळीपासून मजूर भेटून नाई राह्यला! चाला, चाला आत!"

"अहो शेठ, हाकला ना त्यांना!" मी ओरडलो.

"काऊन? तू कोन?"

"दिग्दर्शक."

तोवर माझा मोर्चा आत निघालासुद्धा. "कट! कट!" कोण ऐकतो? एक आजोबा विचारत होते, "मालक, दुपारचा चहा भेटते ना?" बाबांना तर वजनकाट्यावर खुर्चीचं काम मिळालं!

फाटकाशी बाबा थांबले. त्यांना माझी दया आली असावी.

"मालक, आमच्या पोट्ट्याले बी घ्या ना. खरा रिकामा तं तोच हाय."

"काय येते त्याले?"

बाबांनी बराच विचार केला. "मोबाइल धरता येते. दोन्ही हातानं."

"हट्! निघ इथून!" म्हणत शेठनं फाटक धाडकन लावलं.

काय तो राग! अगदी मला हवा होता तस्साच! फक्त हाकललेला बेकार एकच होता, आणि तो पिक्चरमध्ये दिसत नाही. शूटिंग तोच करत होता.