रनरची ड्यूटी आणि सुलक्षणा परब

सुलक्षणा परब मनात डूख धरते, हे तिच्या पाठीमागे बोलायची कुणाला गरज पडत नाही. ती स्वतःच तोंडावर सांगते. दहिसरच्या त्यांच्या चाळीत एकाने सत्यनारायणाच्या दिवशी तिच्या वडिलांचा चारचौघांत पाणउतारा केला होता. त्याच्या मुलाच्या लग्नाला ती गेली नाही, आणि का आली नाहीस म्हणून विचारायला आलेल्या नवरीला तिने कारण अथपासून इतिपर्यंत ऐकवलं. पण ही सगळी चिल्लर भांडणं. तिचं खरं वैर एकाशीच होतं, मुलुंडच्या अर्थतज्ज्ञ डॉ. मार्तंड सबनीसांशी, आणि त्यांना पाणी पाजण्यासाठी ही बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर अर्थशास्त्र शिकायला बसली. लोक डोकं शांत व्हावं म्हणून काय काय शिकतात. हिला ते तापतं ठेवायचं होतं.

तिचे वडील जयवंत परब मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर त्यांनी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि चेनचे रनर बनवायला लागले. पँटची किंवा दप्तराची चेन ज्याला धरून आपण वरखाली करतो, तो धातूचा इवलासा तुकडा म्हणजे रनर. जस्त वितळवायचं, साच्यात दाबायचं, घासायचं, मुलामा द्यायचा. धोंडिराम हा त्यांचा फोरमन, सुलक्षणाचा धोंडिकाका. गाळा तसा चिंचोळा, पण चालता होता.

एक दिवस डॉ. सबनीस तिथे आले. कुठल्याशा संस्थेसाठी अभ्यास करत होते. जयवंतरावांनी त्यांना भट्टी दाखवली, साचे दाखवले, माणसं भेटवली. पाहुण्यापासून काय लपवायचं? पुढे सबनीसांचा अहवाल निघाला. रनरवरची आयातीची ड्यूटी उतरवा, बाहेरचा स्वस्त माल येऊ द्या, कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचं भलं होईल, असा त्याचा मथितार्थ. ड्यूटी उतरली. जयवंतरावांची भट्टी विझली. गाळा त्यांनी धोंडिरामच्या हवाली केला आणि स्वतः कांजूरमार्गच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले.

तो अहवाल सुलक्षणाच्या हाती पडला तेव्हा ती अंधेरीत माल आयात-निर्यात करणाऱ्या एका कंपनीत कस्टमची कामं बघत होती. त्यात एक वाक्य होतं: या कामगारांना इतर उद्योग सामावून घेतील. ते वाचलं त्या संध्याकाळी वडील वॉचमनच्या गणवेशात घरी आले. गणवेश त्यांना इतका ढगळ होता की त्यात आणखी एक माणूस सहज सामावला असता. सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मग ती तिथून खाली उतरलीच नाही.

अडचण एवढीच, की शिव्या देता येत होत्या, अहवाल खोडता येत नव्हता. पानापानावर समीकरणं. म्हणून तिने घाटकोपरला रविवारचा वर्ग लावला. व्यापाराच्या धोरणाने कोणाचं काय होईल, हे गणितात कसं मांडायचं, हे तिथे रेवती मॅडम शिकवत. वर्गातली बाकी पोरं नोकरीत बढती मिळावी म्हणून आलेली. हिला कोणी विचारलं तर ही शांतपणे सांगायची, एका माणसाला उघडा पाडायचाय.

सुरुवातीला तिला काही कळेना. मग हळूहळू उलगडत गेलं. परदेशी माल स्वस्त झाला की गिऱ्हाईक देशी सोडून त्याच्याकडे किती वळतं, याला एक आकडा असतो. तो आकडा थोडा हलवला की सगळं चित्र बदलतं. आणि एके रविवारी मॅडमनी सांगितलं की असल्या मांडणीत, म्हणजे मॉडेलमध्ये, सगळंच मोकळं सोडता येत नाही, काहीतरी खिळा ठोकून जागच्या जागी ठेवावंच लागतं, आणि काय ठेवायचं हे मॉडेल बनवणारा ठरवतो. सुलक्षणाने तिथल्या तिथे सबनीसांचा अहवाल काढला आणि शेवटचं परिशिष्ट उघडलं. त्यांनी खिळा ठोकला होता तो एकूण रोजगाराला. म्हणजे मजुरी कमीजास्त होईल, माणूस या धंद्यातून त्या धंद्यात जाईल, पण बेकार कुणी होणार नाही. ते गणितातच बसत नव्हतं.

ती वर्गात मोठ्याने हसली. मॅडम दचकल्या. इतकी वर्षं हिला वाटत होतं की सबनीसांनी तिच्या बापाला मोजलं आणि किरकोळ ठरवलं. त्यांनी मोजलंच नव्हतं.

त्यानंतर तिने दुसरं काही केलं नाही. ड्यूटी परत वाढवावी म्हणून रनर बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांच्या संघटनेने सरकारकडे अर्ज केला होता. तिने त्यांचं काम फुकट अंगावर घेतलं. संघटनेला आयतंच घबाड मिळालं. तिने सबनीसांचा खिळा उपटला, मजुरी स्थिर धरली आणि रोजगाराला मोकळं सोडलं. मरोळमध्ये अजून माल बनवणारे किती उरलेत, हे कळावं म्हणून एकेका गाळ्याला फोन लावले. धोंडिकाका आवाज ओळखतील, मग उत्तर कलतं येईल, म्हणून तो फोन तिने वर्गातल्या श्रुतिकाला करायला दिला. इतकी ती काटेकोर. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: हो, माल आम्हीच बनवतो.

एक गोष्ट मात्र खटकत होती. एवढे गाळे रनर बनवतात, तर मग जस्त कोण घेतं? मरोळमधली जस्ताची विक्री जवळपास आटलेली दिसत होती. रेवती मॅडम म्हणाल्या, एकदा स्वतः जाऊन बघून ये. सुलक्षणा गेली नाही. वडिलांशिवायचा तो गाळा बघवणार नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. जस्त बिनबिलाचं घेत असतील, असं म्हणून तिने तो मुद्दा मिटवला. आकडा तिच्या बाजूचा होता ना. आपल्या बाजूचा आकडा कोण खरवडून बघतं?

अर्जावरची सुनावणी सरकारी समितीपुढे, अंधेरीच्या एका हॉटेलात झाली. कपडेवाल्यांच्या वतीने बोलायला सबनीस आले होते. केस पिकलेले, बोलणं तेच गुळगुळीत. प्रश्न विचारायची पाळी आली तशी सुलक्षणा उठली.

"सर, तुमच्या त्या मॉडेलमध्ये किती माणसं बेकार झाली?"

"तो प्रश्न उद्भवत नाही. एकूण रोजगार आम्ही स्थिर धरला होता."

"म्हणजे कुणी बेकार होणार नाही, हे तुम्ही शोधून काढलं नव्हतं. ते तुम्ही आधीच ठरवून बसला होता."

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समितीच्या अध्यक्षांनी तिचं वाक्य टिपून घेतलं. मग सुलक्षणाने मरोळच्या जयवंत परबांचं नाव घेतलं, आठवतात का म्हणून विचारलं. ते म्हणाले, क्षमा करा, असे बरेच गाळे पाहिले. सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. सुलक्षणाला जे वाटलं त्याला आनंद म्हणायला जीभ रेटत नाही, पण आनंदच होता. त्या दिवशी जेवण तिला कधी नव्हे इतकं गोड लागलं.

काही महिन्यांनी दिल्लीहून ड्यूटी वाढल्याचं जाहीर झालं. ती पेढे घेऊन दहिसरला आली. घरात धोंडिकाका बसलेले. वडील त्यांच्यासमोर खाली मान घालून. तिने आधी पेढा पुढे केला. धोंडिरामने रीत म्हणून घेतला आणि हातातच धरून ठेवला. ड्यूटी वाढली काका, ती म्हणाली. तेच सांगायला तर आलोय, असं तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. परबांची भट्टी धोंडिरामने कधीच भंगारात काढली होती. बाहेरून सुटे रनर पोत्याने आणायचे, गाळ्यात बायका बसवून त्यांना ओढायची पट्टी लावायची, रंग द्यायचा आणि बॅगवाल्यांना विकायचे, हा त्याचा धंदा. अर्धी वसाहत हेच करत होती. पाटी मात्र उत्पादकाचीच, कारण गाळे माल बनवण्यासाठी दिलेले. कुणीही विचारलं तरी आम्हीच बनवतो म्हणायचं, हा तिथला अलिखित कायदा. आता वाढीव ड्यूटी भरून सुटा माल आणणं परवडत नव्हतं. मोठ्या कारखान्यांचा तयार रनर त्याहून स्वस्त पडत होता. येत्या सोमवारपासून धोंडिरामचा गाळा बंद.

सुलक्षणाने वडिलांकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. गाळ्याचा विषय निघाला की मुलगी पेटते, म्हणून त्यांनी तो घरात कधी काढला नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा घडवायला तिला इतकी वर्षं लागली होती.

धोंडिराम बोलत राहिला. मागे कुणा मुलीचा फोन आला होता, माल बनवता का म्हणून. त्यावरूनच दिल्लीत काहीतरी मांडलं म्हणतात. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तू असल्या लोकांत असतेस ना गं? ते आकडे कोणी बसवले, त्याचं नाव काढून दे मला. बाकी काय नको. फक्त नाव दे. सोडणार नाय त्याला."

"गप रव रे धोंडी," जयवंतराव म्हणाले. "नाव कळान काय होतला?"

त्यांनी लेकीकडे बघितलं नाही. तेवढ्यावरून तिला कळलं, की वडिलांनी ओळखलंय. ती गप्प बसली असती तर ते जन्मभर तोंडातून अवाक्षर काढणार नव्हते.

"मीच, काका," ती म्हणाली. "आकडे मीच बसवले."

 धोंडिरामने हातातला पेढा हळूच बशीत ठेवला.

"दुसरं कोणी असतं ना, तर त्याचं थोबाड फोडलं असतं मी," तो म्हणाला. "पण पोरी, तुला तर गाळ्याचा रस्ता ठाऊक होता."

तो उठला. बायकांना आजच सांगायला हवं, म्हणजे त्या दुसरीकडे बघतील, असं काहीसं पुटपुटत त्याने दार उघडलं. जयवंतरावांनी पायात चपला सरकवल्या आणि ते त्याच्यासोबत मरोळला जायला निघाले. सुलक्षणाही उठून उभी राहिली होती. तिला चल म्हणून कोणी म्हटलं नाही.