इथलाच वकील बघ

अठ्ठेचाळीस तासांचा नियम मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. केंद्र सरकारचा नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला, की तो आपोआप निलंबित ठरतो. एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये बसून असे आदेश मीच टाइप करून घेत असे. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता धाकट्या भावाला हरियाणात, गुडगावजवळच्या मानेसरला अटक झाली हे कळलं, तेव्हा मी आधी हिशेब केला तो तासांचा. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत तो बाहेर यायला हवा होता, नाहीतर त्याच्या नोकरीवर डाग.

ऑफिसच्या कामासाठी तो तिकडे गेला होता. एक शेअर ऑटो त्याच्या गाडीला घासली, बाचाबाची झाली, ह्याने ऑटोवाल्याला धक्का दिला. तो माणूस दुभाजकावर आपटला आणि त्याचं डोकं फुटलं. राग आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकावर असतो, माझ्या तर जरा जास्तच.

पोलीस चौकीत मला आणि भावजयीला पाच मिनिटं भेटू दिलं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. तो हळूच म्हणाला, "दादा, इथलाच वकील बघ. प्लीज."

"बिल्कुल, बघतो," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी आम्ही गुडगावच्या कोर्टात पोचलो, तोवर भावजयीने वकील शोधलाही होता. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीतल्या शेजारणीने त्याचा नंबर दिला होता. तो पत्र्याच्या शेडखाली बसायचा. टेबल साखळीने खांबाला बांधलेलं, चहाचा ग्लास कुणाच्या तरी फायलीवर ठेवलेला. "मैडम, जमानती यहीं का लाना, ज़मीन के कागज़ वाला," जामीन राहणाऱ्या माणसाबद्दल तो म्हणाला. "दिल्ली के कागज़ जाँच में अटक जाएँगे. आदमी मैं दिलवा दूँगा."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताऊ, फ़िक्र ना करो."

मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि केसांना नियमित कलप लावत होतो. ते 'ताऊ', म्हणजे म्हातारबाबा, मला झोंबलं. भाऊ सज्जन आहे, असं मी सांगायला लागलो, तर तो हसून म्हणाला, "सब शरीफ़ ही होते हैं." झालं. मी भावजयीला बाजूला घेतलं आणि हा माणूस नको म्हणून सांगितलं.

खरं कारण वेगळंच होतं. तीस वर्षं दिल्लीत दिवसभर मी हिंदी बोलत होतो, पण माझ्या भावाला पोलिसांनी धरलंय हे मला हिंदीत सांगवेना. मला कुणाला तरी म्हणायचं होतं, 'आम्ही तसले लोक नाही हो.' म्हणून मी आमच्या मराठी मंडळातल्या वकिलांना फोन लावला. गणपतीत आम्ही दोघं वर्गणीच्या टेबलावर शेजारी बसायचो. ते सरकारी नोकरांच्या बढती-बदलीच्या केसेस लढायचे, आणि त्या भल्या माणसाने मला तसं स्पष्ट सांगितलंही, "अहो, हे माझं क्षेत्र नाही. तिथलं मला काही ठाऊक नाही."

"तुम्हीच या," मी हट्ट धरला. फोन ठेवला तेव्हा मला रडून मोकळं झाल्यासारखं वाटलं.

ते दुपारी आले आणि उत्तम इंग्रजीत बोलले. तीनच्या सुमाराला जामीन मंजूर झाला. मी भावजयीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग जामीन राहायला मी स्वतः पुढे झालो आणि द्वारकेच्या फ्लॅटचे कागद दिले. ते दिल्लीचे, म्हणून पडताळणीला पाठवायचे ठरले. आता काय ते सोमवारी.

भावजय म्हणाली, "दादा, अजून कोर्ट चालू आहे. त्या शेडमधल्या वकिलांना विचारूया?"

"आता त्याच्या पाया पडू का?" मी तिच्यावर खेकसलो.

भाऊ मंगळवारी बाहेर आला. निलंबनाचा आदेश त्याच्या आधीच घरी पोचला होता. मी तो वाचला नाही, मला पाठ होता.

वर्षभराने त्याला पुन्हा कामावर घेतलं. केस चार वर्षं चालली, निर्दोष सुटला. तोवर त्याच्या हाताखालचे त्याच्या डोक्यावर जाऊन बसले होते. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. फक्त पहिल्याच तारखेच्या आधी म्हणाला, "तू येऊ नकोस दादा, ऊन असतं." मला त्याचा राग आला होता. ह्याला आता मी नकोसा झालो, असं मी घरात बोलूनही दाखवलं. केस कोण चालवतंय, हे विचारायचं तोंड मात्र मला नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही दोघं माझ्याकडे चहा घेत असताना खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत आले. त्यांच्या जावयाला गुडगावला पोलिसांनी नेलं होतं. एवढ्या वर्षांचा सरकारी अनुभव, म्हणून ते माझ्याकडे आले होते. मी काही बोलायच्या आत भावाने खिशातला मोबाइल काढून त्यांना एक नंबर लिहून दिला. "शेड में बैठते हैं. अभी जाइए. और जमानती वहीं का लीजिए, दिल्ली का बिल्कुल नहीं."

ते गेल्यावर मी विचारलं, "तोच? ताऊ म्हणणारा?"

"तोच. चारही वर्षं त्यानेच केस चालवली. तू कोर्टात आला असतास तर तुला तो दिसला असता, आणि तुला वाईट वाटलं असतं."

मला त्याची माफी मागायची होती. पण ती मला मराठीत मागवेना. "सॉरी यार," मी म्हणालो. असं मी त्याला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.