कारंज्यातली आयरिश गाडी आणि साडेचार मिलीमीटर

म्हाताऱ्या माणसांनी एकत्र बसून खेळणं चालवायला घेतलं, की खेळणं थोडं चालतं आणि किस्से फार होतात. ते कोणी जमवत नाही. बंद खोलीत धूळ बसते ना, तसे ते आपोआप बसतात. आमच्याकडे इंजिनं सहा, डबे चौदा, आणि धड चालत काहीच नाही. पण किस्से विचारा!

दर रविवारी दुपारी कारंज्याला माझ्या घरी, समोरच्या खोलीतल्या मोठ्या टेबलाभोवती आम्ही बसतो. टेबलावर आयर्लंडची रेल्वे. हुबेहूब, पण गाडी वीतभर. आधी आम्ही सात होतो. दोघं वारले, एक मुलीकडे हैदराबादला गेला. उरलो चार : शाळेतून रिटायर झालेले गवई गुरुजी, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर बाबाराव, घड्याळं दुरुस्त करणारे रज्जाकभाई, आणि मी. मी कशातूनच रिटायर झाले नाही. मला कोणी कामावर घेतलंच नव्हतं.

*

सुरुवात माझ्या लेकीने, सुनंदाने केली. ती तिकडे आयर्लंडला नर्स आहे. पहिल्या वर्षी तिने फोनवर विचारलं, "आई, काय पाठवू? स्वेटर, अत्तर, चॉकलेट?"

मी म्हणाले, "तिथली गाडी पाठव."

आमचे हे छोट्या लाइनीवर गँगमन होते. तीस वर्षं रूळ सांभाळले. ते गेले, मग ती लाइनही बंद पडली. रूळ अजून झुडपांत पडून आहेत. मला गाडी पाहायची होती, कुठलीही चालली असती.

पार्सल आलं. पोस्टातला बाबू कागद वाचून म्हणाला, "आजी, खेळणं दिसते. नातवाचं का?"

"नाई. माह्यं!"

"तुमचं? या वयात?"

"तुह्या वयात तुह्याकडं काय आहे ते सांग, मंग बोलू!"

त्याने सही घेतली. डबा उघडला तर आत नारिंगी-काळं इंजिन. डब्यावरचं इंग्रजी वाचायला मला नऊ दिवस लागले, डिक्शनरी घेऊन. चौथी शिकलेल्या बाईने इंग्रजी पुढे दर वर्षी आलेल्या अशा डब्यांवरून उचललं आहे. ज्याला हसायचं त्याने हसावं.

*

एकदा अकोल्याहून एक पत्रकार आला. टेबलाभोवती फिरला, फोटो काढले आणि म्हणाला, "आयर्लंड म्हणजे इंग्लंडच ना?"

गुरुजींना हे सहन होत नाही. त्यांनी खडू उचलला. तो देश वेगळा, त्यांची लढाई वेगळी, त्यांचे रूळसुद्धा वेगळे, असं अर्धा तास चाललं. पत्रकार माना डोलवत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे सर, पण तसं पाहिलं तर एकच ना?"

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "बाबू, तसं पाह्यलं तं वाशीम म्हंजे अकोलाच ना?"

तो स्वतः मंगरूळपीरचा, म्हणजे वाशीम जिल्ह्यातलाच निघाला! लाल झाला. बातमी छापून आली ती मात्र अशी : 'कारंज्याच्या आजींची इंग्लंडची झुकझुक गाडी.'

*

बाबारावांचं वेगळंच. गुरुजींनी फलाटावर नखाएवढी प्लास्टिकची माणसं चिकटवली होती. त्यात एक बाई, तिचा हात वर. पहिल्या दिवशी गाडी सुटली आणि बाबाराव टेबलावर थाप मारून ओरडले, "थांबवा! थांबवा!"

गुरुजींनी घाबरून बटण बंद केलं. "काय झालं?"

"ते बाई राह्यली ना!"

"बाबाराव, ती गोंदानं चिकटवली आहे."

"चिकटवली असो नाई तं खिळे ठोकले असो. हात दाखवला ना तिनं? हात दाखवला की गाडी थांबलीच पायजे!"

तेव्हापासून आमची प्रत्येक गाडी त्या बाईसमोर थांबायची. ती बाई काही चढली नाही. आम्ही थांबत राहिलो.

*

आमच्यापैकी एकानेही आयर्लंड पाहिलेलं नाही. गुरुजींनी मागच्या भिंतीवर आभाळ रंगवलं. असं निळंशार, की दसऱ्याचं ऊन पडल्यासारखं वाटायचं. मी सुनंदाला व्हिडिओ कॉलवर कौतुकाने दाखवलं. तिने ते नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "आई, इथं आभाळ असं नसते. इथं राखेसारखं असते. सदानकदा."

मी म्हटलं, खरं ते खरं. गुरुजी नको नको म्हणत होते, तरी सगळं आभाळ करड्या रंगाने पुसून काढायला लावलं. खोलीत कळाच राहिली नाही. बाबारावांनी खुर्ची मागे सरकवून पाहिलं. "पाऊस येईन येईन वाटते आन् येत नाई. वैनी, हे तं आपलंच आभाळ झालं!"

*

आता खऱ्या दुखण्याकडे येते.

मी एका पुस्तकात वाचलं, की आयर्लंडच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, पाच फूट तीन इंच. आमच्या टेबलावर खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे चार मिलीमीटर. सव्वापाच चोक एकवीस! मी पट्टी घेऊन टेबलावर वाकले. साडेसोळा. पुन्हा मोजलं. साडेसोळा.

"गुरुजी, हा गेज खोटा आहे."

गुरुजी चष्मा पुसायला लागले. म्हणजे त्यांना माहीत होतं! "पारबताबाई, बाजारात असाच रूळ मिळतो. तो इंग्लंडच्या मापाचा. सारं जग आयरिश गाड्या ह्याच्यावरच चालवतं."

"साऱ्या जगाले चालवू द्या. गँगमनच्या घरात खोटा गेज चालत नाई. बोटभर फरकानं माणसं मरतात!"

"ही प्लास्टिकची माणसं आहेत, बाई."

"म्हून मारायची काय?"

रज्जाकभाई गालात हसले. "गुरुजी, छोडो. भाभी मानणार नाई."

इंटरनेटवर आयरिश गाड्यांच्या शौकिनांचा एक अड्डा आहे. रंग कोणत्या सालचा, दिवा डावीकडे की उजवीकडे, यावर तिथे महिनाभर वाद चालतात. मी माझ्या इंग्रजीत, कोणाला न दाखवता, तिथे लिहिलं : तुमचा सगळ्यांचा गेज चुकला आहे, साडेचार मिलीमीटरने. दोन दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या दिवशी आयर्लंडातल्या कॉर्क शहरातल्या एका म्हाताऱ्याचं उत्तर आलं : "बाई, आम्हाला माहीत आहे. आम्ही तो विषय काढत नाही."

*

विषय मी काढला. सगळे रूळ उखडले. एकवीस मिलीमीटरवर नवे रूळ हाताने टाकायचे! रुळाखाली आडव्या लाकडी काड्यांचे स्लीपर, त्यावर खिळे, प्रत्येक खिळा चिमट्याने. रज्जाकभाई डोळ्याला भिंग लावून बसायचे. आठ महिने लागले. एका रविवारी शेवटचा खिळा बसला. मी पट्टी फिरवली. इथून तिथून एकवीस. आमचे हे असते तर काही बोलले नसते. ते खूश झाले की बोलायचे नाहीत.

बाबारावांनी पेढे आणले होते. मी नारिंगी इंजिन उचललं आणि रुळावर ठेवलं.

एका बाजूची चाकं रुळावर. दुसऱ्या बाजूची खाली, स्लीपरवर.

चाकं साडेसोळाचीच होती ना! सहाही इंजिनांची, चौदाही डब्यांची!

"गुरुजी, तुमाले हे माहीत होतं?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल!"

"आन् तुमाले, रज्जाकभाई?"

"मैं समझा, गुरुजींनी काही सोचलं असन."

बाबारावांनी पेढ्याचा पुडा मिटला. "चला, बरं झालं. गावात रूळ आहे आन् गाडी नाई. आता घरातबी रूळ आहे आन् गाडी नाई!"

*

उपाय एकच होता. चाकं उपटायची, दोन चाकं जोडणारा लांब आस बसवायचा, पुन्हा चाकं बसवायची. केसभर वाकडं झालं तरी संपलं. हे काम कारंज्यात एकच माणूस करू शकत होता, आणि त्याच सुमारास त्या माणसाला दिसेनासं व्हायला लागलं.

काचबिंदू. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. रज्जाकभाईंनी दुकान बंद केलं, पण नारिंगी इंजिन घरी घेऊन गेले. म्हणाले, "भाभी, एक गाडी सही गेजवर चालवून दाखवतो. मंग अंधार झाला तं झाला."

मी म्हणाले, "डोळे सांभाळा. गाडी चुलीत जाऊ द्या." आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले. त्यांनी ऐकलं नाही.

एकदा मी त्यांच्या घरी गेले तर ते चहाच्या बशीत इंजिनाचे सुटे भाग मांडून बोटांनी चाचपत होते. नजर भिंतीकडे. तेवढ्यात मागून बाबाराव आले, चहाचा कप घेतला आणि सवयीने फुर्र करून प्यायला बशीतच ओतला!

रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, "बाबाराव, शक्कर कम आहे का? पुर्जे टाकले ना मी."

*

मध्यंतरी गुरुजींचं पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं. कायमचं. मला कळलं, आता हे सगळं मोडणार. सुनंदा म्हणाली, तिच्या घरात हे ठेवायला जागा नाही. मग मी पदर खोचून एका शाळेत गेले. म्हटलं, सगळं फुकट देते, पोरांना दाखवा.

शाळेच्या मोठ्या बाई स्वतः पाहायला आल्या. टेबलाभोवती फिरल्या. वाकून पाय पाहिले, फळी ठोकून पाहिली. "सागवान दिसतं. फार मजबूत आहे," म्हणाल्या. "आजी, वरचं काढून द्याल का?"

*

गुरुजी निघायच्या आधीचा रविवार. रज्जाकभाईंना त्यांची सून हात धरून घेऊन आली आणि खुर्चीवर बसवून गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात नारिंगी इंजिन.

उठले, टेबलाची कड धरली. बोटांनी रूळ शोधला, इंजिन टेकवलं, आणि एकेक चाक नखाने चाचपून पाहिलं. बारा चाकं. बाराही रुळावर. मी पट्टी लावली नाही. दिसतच होतं.

"शुरू करा, गुरुजी."

गुरुजींनी बटण फिरवलं. इंजिनाचा दिवा लागला. इंजिन हललं नाही. गुरुजींनी अजून फिरवलं. दिवा अजून मोठा झाला. बस, तेवढंच.

रज्जाकभाई मान तिरपी करून उभे. "चली?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांनी चपला काढल्या, कमरेत वाकले, इंजिनाच्या मागे एक बोट लावलं आणि हळूहळू ढकलायला लागले. इंजिन निघालं. पूल ओलांडला, वळणावर गेलं. एकही चाक रुळावरून उतरलं नाही.

"चालली," मी म्हणाले.

रज्जाकभाई ऐकत होते. आयुष्यभर कानाला घड्याळ लावून आजार ओळखणारा माणूस!

"भाभी, आवाज काहून नाई?"

"गेज बरोबर असला की आवाज होत नाई, रज्जाकभाई."

त्यांनी मान हलवली. गाडी मागच्या करड्या आभाळाखालून गेली, पुन्हा आमच्या बाजूला आली. अर्धा फेरा राहिला होता.

"लेकिन भाभी," रज्जाकभाई म्हणाले, "हा बाबारावचा दम काहून टेबलाभोवती फिरून राह्यला?"

बाबाराव थांबले नाहीत. वाकलेल्या कमरेने, बोट न काढता, धापा टाकत म्हणाले,

"तिकिटं तपासून राह्यलो, भाई!"