सरकारी घड्याळाला लागलेली हळद

"हात लावायचा न्हाई, सरकारचं हाय ते. कधीबी परत मागतील," फौजीमामा आम्हा पोरांना बजावायचे. हे आईचे चुलतभाऊ. सैन्यातून परतले तेव्हा मनगटावर चावीचं घड्याळ होतं. ते जमा करायचं राहून गेलं, ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती.

यंदा दादाने ते घड्याळ पाहायला जायचं काढलं. माझा हा भाऊ पुण्यात जुनी लष्करी घड्याळं जमवतो. सैन्यात तो कधी नव्हता. सोसायटीच्या बैठकीला मात्र सीमेवर निघाल्यासारखा मनगट सजवून जातो. मला मामीला भेटायचं होतं, म्हणून मीही गाडीत बसले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: जालन्याहून मंठामार्गे देवगाव फाटा, तिथून पुढे चारठाणा. एसटीनेही जाता येतं. फाट्यावर भजी गरम मिळतात. चहा कमी गोड मागितलात, तर चहावाला आधी तब्येतीची चौकशी करतो. चारठाण्याची जुनी मंदिरं सकाळीच पाहा, दुपारी पाय भाजतात. दादाने ती गाडीतूनच पाहिली. त्याला पलीकडच्या खेड्यात, मामीकडे पोचायची घाई.

मामीने भाकरी-पिठलं वाढलं, मग देवघरातून घड्याळ आणलं. दादाने भिंग काढलं.

"डायल बघ! मधासारखा पिवळा! वर्षानुवर्षं उन्हात मुरलेला रंग आहे हा. जगात दुसरा नसेल."

"हळद हाय ती, बाबा," मामी म्हणाली. "खंडेनवमीला कुणी तलवार पुजतंय, कुणी कोयता. आमच्या घरात फौजीची खूण एवढीच. दरसाल हळदकुंकू लावते, ते काचंच्या फटीतून आत गेलंय."

"मामी, यातलं तुम्हाला नाही कळायचं."

"ऱ्हाऊ दे. पण बंद पडलंय, तेवढं चालू करून आण. उद्या सरकारनं मागितलं तर बंद घड्याळ द्यावं का? लोक म्हणतील, फौजीनं सरकारी माल खराब केला."

दादाने "हो हो" म्हणत घड्याळ रुमालात गुंडाळलं. निघताना मामीने मला दारात थांबवलं. "खंडेनवमीच्या आत देईल न्हवं?"

"देईल," मी म्हणाले.

घड्याळ आता पुण्यात काचेच्या पेटीत आहे. दादाचे जाणकार मित्र येतात, वाकून पाहतात. एकाने तर तो वाळवंटातल्या मोहिमेचा रंग आहे, असं छातीठोक सांगितलं. दुरुस्तीचं विचारलं की दादा दचकतो. "उघडलं की अस्सलपणा गेला!" बंद घड्याळाचा एवढा मान मी प्रथमच पाहतेय. आणि मामी तिकडे देवघरातल्या घड्याळाच्या मोकळ्या जागेसमोर दिवा लावते आहे. माझ्या एका शब्दावर.

दादा, तू हे वाचणार, मला माहीत आहे. खंडेनवमी जवळ आली. घड्याळ उघडून दुरुस्त करून घे, हळद निघाली तर निघू दे, आणि स्वतः जाऊन मामीच्या हातात दे. तू नाहीच म्हणशील. तरी नेऊन दे.