तपासणीच्या आठवड्याचं इंजेक्शन

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे. वर्षातून एकदा सरकारी तपासनीस यायचा आणि त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बाजाराचं धाबं दणाणायचं. जो तो आपला काटा उचलून भावजींच्या दारात. "वर्षभर कसाही डुलू दे, उद्या सरळ उभा राहिला पाहिजे," असं ते हसत म्हणायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा. मी बोलूनही दाखवायचे, म्हणून त्यांनी माझं नाव कात्री ठेवलं होतं.

त्यांना हिपॅटायटिस सी निघाला. त्यांचे थोरले भाऊ याच आजारानं गेले होते. पोट फुगून, डोळे पिवळे होऊन चार महिने झिजताना भावजींनी त्यांना पाहिलं होतं. त्यामुळे स्वतःचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्या वेळी उपचार वर्षभराचा असे. रोज गोळ्या आणि दर शुक्रवारी इंजेक्शन. भावजी ते स्वतःच पोटावर टोचून घेत. डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या औषधानं रक्तातल्या पेशी कमी होतात. महिन्यातून एका शनिवारी रक्त द्यायचं. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर औषध कमी करू, वेळ पडली तर थोडे दिवस थांबवू. आणि जास्त ताप आला तर घरी बसायचं नाही."

भावजींनी यातला 'थांबवू' एवढाच शब्द घरी आणला.

तिसऱ्या महिन्यात पेशी उतरल्या. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळीही अशाच निघाल्या तर विचार करावा लागेल." परतताना भावजी जिन्यात दोनदा बसले. मला वाटलं दम लागला. आता कळतं, ती भीती होती.

पुढचे दोन्ही रिपोर्ट मात्र चांगले आले. ताईनं सुटकेचा श्वास सोडला. मी थट्टेनं म्हटलं, "काय भावजी, पेशी स्वतःच मोजून देता की काय?" ते नुसतेच "गप गं कात्री" म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

सहाव्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी ताईची हाक आली. मी वरच्याच मजल्यावर राहते, धावत खाली गेले. भावजी दोन चादरी घेऊन कुडकुडत होते. ताप एकशे तीन. "इंजेक्शनचा ताप आहे, उतरेल," ते म्हणत होते. पण इंजेक्शनचा ताप दुसऱ्या दिवशी उतरायचा, हा तर चौथा दिवस होता. कपाळावर पट्टी ठेवायला मी बर्फ काढायला गेले. बर्फाच्या कप्प्याखाली, लोण्याच्या डब्यामागे दोन इंजेक्शनं होती. न वापरलेली. खोक्यांवर भावजींच्या अक्षरात तारखा होत्या, दोन्ही रक्त द्यायच्या आदल्या शुक्रवारच्या.

तपासणीच्या आदल्या दिवशीचं इंजेक्शन ते टोचतच नव्हते! पेशी तेवढ्यापुरत्या वर यायच्या, बाई रिपोर्ट पाहून पूर्ण डोस चालू ठेवायच्या आणि पुढचे तीन आठवडे हा माणूस आतून रिकामा होत जायचा.

मी ती इंजेक्शनं त्यांच्यासमोर धरली. त्यांनी माझं मनगट पकडलं. हात भाजत होता.

"बाईंना सांगू नकोस. औषध बंद करतील. दादाचं काय झालं ते बघितलंस ना?"

मी इंजेक्शनं पिशवीत टाकली आणि आम्ही दवाखाना गाठला. सांगितलं तर उपचार थांबणार, नाही सांगितलं तर हा माणूस आज रात्रभरही टिकेल की नाही, देव जाणे. बाईंनी विचारलं, "इंजेक्शन कधी चुकलं होतं का?" भावजी म्हणाले, "नाही." ताई त्यांच्याकडे बघून होकारार्थी मान डोलावत होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "दोन चुकवली. मुद्दाम."

भावजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. अकरा दिवस त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्ही काचेतून बघायचो. ताप उतरल्यावर बाई त्यांच्या उशाशी बसल्या. "अहो, मी डोस निम्मा केला असता, बस्स. तुम्हाला वाटलं मी तुमचा जीव काढून घेईन?" त्या चिडल्या होत्या. जाता जाता आम्हाला म्हणाल्या, पेशी वर येईपर्यंत इंजेक्शन बंद. मग अर्धा डोस, आणि तोही दुसऱ्या कुणीतरी द्यायचा. इंजेक्शनं चुकल्यानं विषाणू परत वाढलाय का, ते पुढच्या तपासणीत कळेल.

तीन शुक्रवार कोरडे गेले. भावजी माझ्याशी बोलले नाहीत. ताईशीही फारसे नाहीत. कामावरून येऊन खुर्चीत बसायचे आणि डोळ्यांचा पांढरा भाग आरशात बघत राहायचे.

पेशी वर आल्या आणि चौथ्या शुक्रवारी ते स्वतःच अर्धा डोस घ्यायला जिना चढून वर आले. मी हात धुतले, सुई भरली. त्यांनी सदरा वर केला. टोचून झाल्यावर कापूस दाबून धरत हळूच विचारलं,

"निम्म्यानं भागेल ना गं?"

"भागेल," मी म्हटलं. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.