सहा खाटांवरचा एकच पेशंट

माझी ताई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. पोट शिवायच्या आधी, रक्त टिपायला आत गेलेला गॉजचा प्रत्येक तुकडा बाहेर आला की नाही, हे मोजायचं तिचं काम. आकडा जुळला नाही तर भल्याभल्या सर्जनना ती टाका घालू द्यायची नाही. एकदा एक जण वैतागला, "सिस्टर, मी आत काही ठेवलेलं नाही." ही म्हणाली, "मग सापडेपर्यंत थांबा. पाय दुखत असतील तर स्टूल देते." तुकडा त्याच्याच बुटाखाली निघाला. हा किस्सा ताई स्वतः कधी सांगत नाही, तिच्याबरोबरच्या सिस्टर सांगतात.

तिने लग्न केलं नाही. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो, धाकटा सातवीत. आमच्या दोघांच्या फिया, वह्या, बूट सगळं तिच्या पगारातून. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक झालो तो तिच्या जिवावर. आणि तिच्याच पैशांची मी माती केली. आता सांगायला बसलोच आहे तर आडपडदा कशाला?

ती तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. निवृत्त झाली तोवर गुडघ्यांनी पार असहकार पुकारला होता. खाली उतरायचं म्हणजे कठड्याला धरून एकेक पायरी, मध्ये दोनदा थांबून. तिला तळमजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर घ्यायचं होतं. निवृत्तीचे पैसे थोडे कमी पडत होते. तीन-चार वर्षांत वाढले असते तर जमत होतं.

"तू आकड्यांचा मास्तर," ती मला म्हणाली. "कुठे ठेवू ते सांग. फक्त एवढं बघ, एक बुडालं तर सगळं बुडायला नको."

"एवढंच ना!" मी म्हणालो. काय तो माझा तोरा! सहा वेगवेगळ्या कंपन्यांचे सहा म्युच्युअल फंड मी तिच्यापुढे मांडले. सहा रंगांची सहा माहितीपत्रकं. बायको म्हणाली, "अहो, थोडे बँकेत राहू द्या. त्यांच्या गरजेचे पैसे आहेत." मी तिलाच हसलो. आमचे स्वतःचे निम्मे पैसे बँकेत होते, कारण ते ती सांभाळायची. ताईचे मी सांभाळत होतो.

सहसंबंध हा विषय मी सत्तावीस वर्षं शिकवला. दोन गोष्टी बरोबरीने वर जातात, बरोबरीने खाली येतात, तेव्हा उत्तर एकाच्या जवळ येतं. एकीचं दुसरीशी काही देणंघेणं नसेल तर शून्याच्या जवळ. धोका कमी करायचा तर नुसती संख्या वाढवून भागत नाही, एकमेकींच्या तालावर न नाचणाऱ्या गोष्टी निवडाव्या लागतात. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि खाली दोन रेघा मारायचो. ताईच्या फंडांचा सहसंबंध काढायला मला अर्धा तास लागला असता. काढला नाही. आळसाने नव्हे, गर्वाने. घरच्या माणसाला काय हिशेब करून दाखवायचा, मी सांगतोय म्हणजे बरोबरच असणार!

तीन वर्षं सगळं वर गेलं आणि मी घरात मिरवून घेतलं. चौथ्या वर्षी ताईला मागच्याच गल्लीत हवी तशी जागा मिळाली. बोलणी झाली, मालकाने पैसे द्यायला दोन महिने दिले. आणि बाजार कोसळला. सात आठवड्यांत शंभरातले चाळीस गेले. मी तिच्याकडे फिरकलो नाही. फोन आला की म्हणायचो, "बाजार आहे ताई, वरखाली व्हायचंच."

शेवटी एका रविवारी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. टेबलावर आलेखाचे सहा कागद होते. दर शुक्रवारी ती प्रत्येक फंडाचा आकडा वहीत लिहायची, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येकाची सुरुवात शंभर धरून, वॉर्डातला तापाचा तक्ता काढतात तशा तिने सहा रेघा काढल्या होत्या. कागद एकावर एक ठेवून तिने खिडकीच्या काचेला लावले. उजेडात सहाही रेघा एकमेकींवर बसल्या.

"हे सहा पेशंट नाहीत रे," ती म्हणाली. "एकच पेशंट आहे, सहा खाटांवर."

मी उगाच वरचा कागद सरळ केला.

"मला वाटलं माझंच काढताना चुकलं, म्हणून परत काढले. तरी तसंच. कुठे चुकले ते सांग बाबा."

तिला खरंच वाटत होतं की चूक तिची आहे. आणि मी काय म्हणालो? "ते तांत्रिक असतं ताई, तुला नाही कळायचं." माझी जीभ कशी झडली नाही!

घरी येऊन मी हिशेब मांडला. सहा फंडांच्या पंधरा जोड्या होतात. सगळ्यांत कमी सहसंबंध निघाला शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. फंडांनी कुठल्या कंपन्यांचे शेअर घेतलेत त्या याद्या काढल्या, तर वरची दहा नावं सगळीकडे जवळपास तीच. ताईने एकच वस्तू सहा दुकानांतून घेतली होती, माझ्या सांगण्यावरून.

दुसऱ्या दिवशी गेलो. "ताई, तू चुकली नव्हतीस," म्हणालो.

"कळलं मला. काल तू माझ्याकडे न बघता चपला घातल्यास ना, तेव्हाच."

आमच्या बँकेतले पैसे देऊ केले. बायकोनेच आधी म्हटलं होतं. ताईने ऐकून घेतलं नाही. "तुझ्या पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून. गप्प बस." जागा दुसऱ्याने घेतली. उरलेले पैसे ताईने मला न विचारता लावले: काही बँकेत, काही सरकारी रोख्यांत, फंड एकच ठेवला. काहीही घेण्याआधी दोन कागद काचेला लावून बघते म्हणे.

पुढच्या महिन्यात धाकटा सहकुटुंब आला. आम्ही सगळे ताईकडे जेवायला जमलो होतो. जेवता जेवता त्याने विचारलं, "ताई, त्या खालच्या जागेचं काय झालं गं? दादाने तर पैसे चांगले वाढवून दिले होते म्हणे?"

बायको ताटाकडे बघत राहिली.

"अरे, मीच नको म्हटलं," ताई भात वाढत म्हणाली. "कोंदट आहे ती जागा. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. इथे वारा तरी येतो."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. "खरंच का रे दादा?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो ना," मी म्हणालो. "फारच अंधार आहे तिथे."

ती जागा मी पाहिलेलीसुद्धा नव्हती.